दांड्यावरचा हात

बायको जाऊन चार महिने झाले नाहीत तोच रामदास ओव्हाळांनी दुसरी गाठली, आणि दर रविवारी सकाळी तिला ट्रकमध्ये शेजारी बसवून दिवे घाटात फिरवून आणतात, ही बातमी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी पसरवली. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला नको. पुरावा भक्कम होता. माझ्या गॅलरीच्या बरोब्बर खाली ओव्हाळांचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि गॅरेजपुढे त्यांचा जुना ट्रक. रविवारी सातच्या सुमाराला ओव्हाळ ट्रकमध्ये चढायचे, आतून डाव्या बाजूचं दार उघडायचे, कुणीतरी चढून नीट बसेल इतका वेळ थांबायचे, मग दार ओढून घ्यायचे. निघताना डावीकडे मान वळवून काहीतरी बोलायचे. माझ्या गॅलरीतून आतली ती बैठक दिसत नाही. पण न दिसणाऱ्या गोष्टी मला जास्त नीट समजतात.

"बाई दिसली का तुम्हाला?" आमच्या हिनं, पद्मजानं विचारलं.

"दिसायला कशाला हवी? लपून बसत असेल."

"ट्रकात? लपायला ती काय स्टेपनी आहे?"

मग पुढच्या रविवारी मी स्वतःच जाऊन ट्रकपाशी उभा राहिलो. म्हटलं, "काय ओव्हाळ, आम्हालाही न्या की कधी हवा खायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि म्हणाले, "बसा. पण दाराकडे सरकून बसा."

दाराकडे सरकून का, ते वर चढल्यावर कळलं. चालकाच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला लागून, एका गोधडीची चौपदरी घडी ठेवली होती. तिच्यावर कुणीही नव्हतं. ती प्रेमलाताईंची जागा. घाटमाथ्यावर जाऊन ट्रक वळवला, आणि उतार सुरू व्हायच्या आधी ओव्हाळ त्या घडीकडे बघून हळूच म्हणाले, "प्रेमला, धर."

म्हणजे बाई होती. फक्त ती त्यांची स्वतःचीच होती, आणि गेलेली होती. त्या दिवशी घरी येऊन मी बातमी मागे घेतली. बातमी पसरवायला मला एक संध्याकाळ लागली होती, मागे घ्यायला तीन आठवडे लागले. खरी गोष्ट ऐकायला कुणी थांबत नाही.

आता ते 'धर' काय होतं, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी माणूस सांगायला हवा.

रामदास ओव्हाळ म्हणजे गिअरबॉक्सचा माणूस. इंजिनाचे मिस्त्री पुण्यात पैशाला पासरी, पण जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सला हात घालणारे थोडे. मार्केट यार्डातले ट्रकवाले यायचे तेव्हा ओव्हाळ गाडी बघायचे नाहीत, चालकाचा डावा हात बघायचे. हात दांड्यावर विसावलेला दिसला की गाडी आत घ्यायचे नाहीत. गॅरेजच्या दारावर स्वतः रंगवलेली पाटी होती, अजून आहे: "गिअर टाकला की हात उचलावा. दांड्यावर हात ठेवून गाडी चालवणाऱ्यांनी दुसरे गॅरेज पाहावे." मी मूळचा सदाशिव पेठेतला, पाट्यांत वाढलो, पण ही पाटी वाचून मलाही राग आला होता. एकदा विचारलं, "हातानं एवढं काय होतं हो? हात तो हात."

त्यांनी मला समजावलं. दांड्याच्या खाली, गिअरबॉक्सच्या आत, एक दुबेळकं असतं. त्याला फोर्क म्हणायचं. ते गिअरला धरून जागेवर सरकवतं. गिअर बसला की फोर्कचं काम संपलं, त्यानं मोकळं राहायचं. पण वर हात ठेवला की फोर्क फिरत्या गिअरवर घासत राहतो. आज काही कळत नाही, उद्याही नाही. दहा-वीस वर्षांनी तो एका बाजूनं पातळ होतो.

"माणूस दात तपासतो, श्यामराव," ते म्हणाले होते, "आणि झिजतं भलतंच."

त्यांचा स्वतःचा ट्रक एकोणीसशे अडुसष्टचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पुढे लांब नाक, लाकडी फळ्यांचा हौदा, आणि गिअरबॉक्स मूळचा, कारखान्यातून आला तोच. हे गिअर आजच्या गाडीसारखे लोण्यात सुरी जावी तसे पडत नाहीत. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. याला डबल क्लच म्हणतात. जरा चुकलं तर आतून असा आवाज येतो की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. ओव्हाळांच्या हातून तो आवाज मी सव्वीस वर्षांत ऐकला नाही. ट्रकचे कागद कसे काय जिवंत ठेवलेत, हे मात्र मी कधी विचारलं नाही, कारण ते फाइल आणून एकेक कागद वाचायला लावतील.

सीताफळ-अंजिराच्या दिवसांत ते पहाटे सासवडकडे जायचे, माल भरायचे, दिवे घाट उतरून मार्केट यार्डात टाकायचे आणि दहा वाजता गॅरेज उघडायचे. प्रत्येक खेपेला प्रेमलाताई शेजारी. भीमजयंतीला तोच ट्रक धुऊनपुसून, निळे झेंडे लावून मिरवणुकीत निघायचा, तेव्हाही त्या तिथेच बसलेल्या.

आणि गंमत अशी की पुण्यातला हा नामांकित मिस्त्री ज्या ट्रकमधून फिरत होता, त्याचा तिसरा गिअर घाटात सुटायचा. उतारावर दांडा आपोआप मागे यायचा, गाडी न्यूट्रल व्हायची, आणि भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये घाट उतरला तर पुढे काय, ते सांगायला मीही नको. ही माहिती मला खुद्द प्रेमलाताईंनी दिली होती. त्या सगळ्यांनाच द्यायच्या. आमच्या जिन्यात उभ्या राहून पद्मजाला सांगायच्या, "आमचे हे एवढे मोठे मिस्त्री हो, पण घाटात ट्रक मीच धरते. वळणावर ह्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगला. मग दांडा कोण धरणार? हे म्हणतात 'प्रेमला, धर', की मी उजव्या हातानं दाबून धरते ते खाली वडकी येईपर्यंत."

एकेचाळीस वर्षं त्यांनी तो दांडा धरला. बाळंतपणाला माहेरी गेल्या तर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत परत आल्या. प्रज्ञेशला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, डाव्या मांडीवर घेऊन बसायच्या आणि उजवा हात दांड्यावर. बहिणीनं आठ दिवस राहायला बोलावलं की यांचं ठरलेलं उत्तर: "हे एकटे कसे उतरतील?"

मी ओव्हाळांना यावरून छळ छळ छळलं आहे. "काय वस्ताद, गावाचे गिअर बसवता आणि स्वतःचा बायकोच्या हाती?" किंवा, "एक दुपार काढा ना, उघडा आणि करा दुरुस्त." ते म्हणायचे, "बघू." त्यांच्या या 'बघू'ला माझ्या ओळखीत एकेचाळीसपैकी सव्वीस वर्षं झाली.

गेल्या डिसेंबरात प्रेमलाताईंच्या फुप्फुसात पाणी झालं. आठ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. मी आणि पद्मजा भेटायला गेलो तेव्हा त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ओव्हाळ पलंगाच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले होते. त्यांनी आपली मूठ वळून गादीवर उभी धरली होती आणि प्रेमलाताईंचा तळवा त्या मुठीवर होता. बाहेर आल्यावर मी पद्मजाला म्हणालो, "पाहिलंस? जन्मभर चारचौघांत बायकोच्या पदराला हात लावला नाही, आणि आता हातात हात." पद्मजा म्हणाली, "हातात हात असा धरतात होय?" मी म्हणालो, "त्यांची पद्धत असेल." पुढे काही सुचलं नाही म्हणून विनोद केला, एवढंच.

आमच्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

प्रेमलाताईंच्या पुण्यानुमोदनाला गर्दी खूप होती. ट्रकवाले, मार्केट यार्डातले हमाल, वस्तीतल्या बायका. त्या गर्दीत प्रज्ञेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एक विचारू? बाबा अजून ट्रक काढतात का?" प्रज्ञेश बाणेरला राहतो, मोठ्या कंपनीत आहे, मुलगा सरळ. आता तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला कुणी विचारलं आणि मी गप्प बसलो, असं आजवर झालेलं नाही. मी म्हणालो, "अजून तरी नाही. काढला की कळवतो."

आणि कळवलंही. त्या रविवारच्या फेरीनंतर मी प्रज्ञेशला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं: गोधडीची घडी, उघडलेलं दार, 'प्रेमला, धर'. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, कारण ती माझ्याच डोक्यात नीट शिरली नव्हती. घाटात ते 'धर' म्हणाले तेव्हा मला वाटलं मलाच म्हणताहेत. मी पुढे वाकून दांडा धरला. ओव्हाळ समोर बघत म्हणाले, "हात काढा."

"अहो, गिअर सुटेल ना!"

"काढा म्हटलं ना."

मी काढला. आम्ही सबंध घाट उतरलो. दांडा खुंटीसारखा जागच्या जागी. इतका वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता तो, पण मी दरीकडे बघत होतो, आणि घरी गेल्यावर काय काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

प्रज्ञेश दुसऱ्याच दिवशी आला. गॅरेजमध्ये बापलेकांची जी बोलाचाली झाली ती ऐकायला मला गॅलरीतून वाकावंही लागलं नाही.

"आईनं माझ्याकडून वचन घेतलंय बाबा. शेवटचं नीट बोलली ती तेवढंच. 'ह्यांना एकट्यांना घाट उतरू देऊ नकोस, गिअर सुटतो.' एक तर गिअरबॉक्स उघडून नीट करून घ्या, नाहीतर ट्रक विकून टाका."

"ट्रक विकायचा नाही."

"मग उघडा."

"उघडायचा नाही."

"का?"

आत पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जगाचे उघडता! आईला जन्मभर त्या दांड्याला जुंपून ठेवलीत, तेव्हा एक दुपार मिळाली नाही तुम्हाला. लहानपणापासून बघतोय मी. तिचा हात दुखायचा, घरी येऊन तेल लावायची, आणि तुम्ही म्हणायचात, बघू. आता ती गेली. आता तरी बघा!"

मग ओव्हाळ म्हणाले, "तिला शब्द दिलायस?"

"दिलाय."

"मग उत्तरेश्वरला बोलाव. दुसऱ्या कुणाचा हात नको."

उत्तरेश्वर हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला मिस्त्री, आता स्वतःचं गॅरेज आहे, केस पिकलेत, तरी वस्तादांसमोर अजून बसत नाही. येताना तो जुन्या बाजारात दोन फेऱ्या मारून त्या मॉडेलचे लागतील ते भाग शोधून घेऊन आला होता: तिसऱ्या गिअरचा जोड, स्प्रिंगा, पोलादी गोळ्या, फोर्क. शनिवारची सकाळ होती. मी चहाची किटली घेऊन खाली उतरलो. चहा हे माझं निमित्त आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. ओव्हाळ ऑईलच्या पालथ्या डब्यावर बसले होते, ट्रककडे पाठ करून.

उत्तरेश्वरनं आधी तळाचं ऑईल सोडलं. दोन बोटांत घेऊन चोळलं, उजेडाला धरलं. ऑईलमध्ये धातूचा कीस असला की आत दात झिजताहेत असं समजायचं. "वस्ताद, कीस नाही," तो म्हणाला. मग केबिनमधली फळी काढून त्यानं गिअरबॉक्सचं वरचं झाकण सोडवलं आणि दांड्यासकट उचलून फडक्यावर ठेवलं. आत बॅटरी मारली. मी पण वाकलो. मला यातलं काही कळत नाही, पण साठ वर्षांजवळ आलेलं लोखंड इतकं चकचकीत असतं, हे मला माहीत नव्हतं. एकेका गिअरचा दात न् दात जागेवर. कडा शाबूत.

"काय झिजलंय?" प्रज्ञेशनं विचारलं.

"थांबा." उत्तरेश्वरनं तिसरा गिअर हातानं फिरवला, मागेपुढे केला. झाकणातल्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या. पुन्हा गिअर पाहिला. मग उभा राहिला आणि वस्तादांच्या पाठीकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"प्रज्ञेशभाऊ, हा गिअर सुटत नाही."

"म्हणजे आता?"

"म्हणजे कधीच सुटला नसणार. सुटायला दात गोल व्हावे लागतात, स्प्रिंग मरावी लागते. इथे सगळं कारखान्यातून आल्यासारखं आहे. आणखी पन्नास वर्षं काही होत नाही याला." मग तो खाली बसला, झाकण उलटं केलं आणि एक भाग सोडवून हातात घेतला. "फक्त हा. तिसऱ्याचा फोर्क. हा एका बाजूनं गेलाय बघा. अर्धासुद्धा राहिला नाही. हा..." आणि तो थांबला. त्याला ती पाटी पाठ होती. आम्हां सगळ्यांनाच पाठ होती.

प्रज्ञेशनं तो फोर्क घेतला. दोन बोटांएवढ्या रुंद लोखंडाच्या दुबेळक्याची एक बाजू जाड होती, दुसरी पत्र्यासारखी पातळ झालेली.

"बाबा," तो म्हणाला, "हे काय आहे?"

ओव्हाळ पाठ न वळवता बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, कुणाला गिअरबॉक्सचा खर्च सांगावा तसा. "लग्नानंतरची पहिली खेप. सीताफळं भरली होती. घाट लागला आणि तिनं डोळे मिटून माझी बाही धरली. रडायला लागली. वळणावर बाही धरली तर ट्रक कसा वळवू? म्हणून म्हटलं, गिअर सुटतोय, तो दांडा धर, सोडलास तर दोघं खाली जाऊ. तिनं धरला. डोळे उघडून धरला. खाली आल्यावर हसली. म्हणाली, मी होते म्हणून वाचलात."

"आणि मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुढे येऊन बसली."

"एकेचाळीस वर्षं, बाबा! ती मामाच्या लग्नाला पूर्ण राहिली नाही. मावशीकडे गेली नाही. दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, तिला तीच काळजी होती. मला म्हणत होती, गिअर सुटतो. तुम्ही शेजारी बसला होतात ना? सांगून टाकायचं होतं! खोटं बोललो म्हणायचं नव्हतं तर दुरुस्त केला म्हणायचं. निदान सुखानं गेली असती."

तेव्हा ओव्हाळ वळले. त्यांनी उजवी मूठ वळली आणि गुडघ्यावर उभी धरली, इस्पितळात धरली होती तशी.

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "दोनदा तोंड उघडलं. पण तिनं वर हात ठेवला होता. दाबून. दुरुस्त झाला म्हणालो असतो तर तिनं तो काढून घेतला असता."

इस्पितळाच्या दारात मी केलेला विनोद मला आठवला. किटली माझ्या हातातच होती, मी ती कुठेतरी ठेवली.

प्रज्ञेशनं फोर्क फडक्यावर ठेवला, हळूच, वाजू न देता, आणि बाहेर रस्त्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मगाशी बाप बसला होता अगदी तसा. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण कशासाठी मारायची ते सुचेना.

उत्तरेश्वरनं नवा फोर्क पिशवीतून काढला, पुसला, जुन्याशेजारी ठेवला. "वस्ताद, हा बसवतो," तो म्हणाला. ओव्हाळांनी नव्याला हात लावला नाही. जुना उचलला. पातळ झालेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि तो उत्तरेश्वरच्या हातात देऊन म्हणाले, "हाच बसव."

उत्तरेश्वर माझ्याकडे बघायला लागला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि असल्या वेळी ते काम माझ्याकडे येतं. मी म्हणालो, "अहो ओव्हाळ, तुमचीच पाटी आहे ना दारावर? नवा आणलाय त्यानं, बसवू द्या की. हा असाच आणखी झिजत गेला, तर एक दिवस गिअर खरोखर सुटेल हो घाटात."

ओव्हाळ म्हणाले, "आणखी झिजणार नाही, श्यामराव. झिजवणारी गेली."